सेक्रेटरीचं इंग्रजी

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून थोडं आत, जिथे आता मंजिरी रेसिडेन्सीचे दोन टॉवर उभे आहेत, तिथे मच्छिंद्रच्या लहानपणी मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते. जमीन बिल्डरला गेली आणि बदल्यात भावाभावांना फ्लॅट मिळाले. भावांनी आपापले विकून टाकले. मच्छिंद्रनं विकला नाही. आई तुळजाबाई, बायको चंद्रभागा आणि एकुलती मुलगी ऋतुजा यांना घेऊन तो चौथ्या मजल्यावर राहायला आला. म्हातारी म्हणायची, "खाली माझी इहीर हाय, तिच्यावर तुमी गाड्या लावता." ते खरंच होतं. विहीर बुजवून तिच्यावर पार्किंग केलं होतं.

सोसायटीच्या पहिल्या सभेत 'सेक्रेटरी कोण होणार?' असा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांनी एकदमच मोबाइलमध्ये माना घातल्या. मच्छिंद्रनं घातली नाही, म्हणून तो सेक्रेटरी झाला. टेम्पोच्या धंद्यात त्यानं दोन ड्रायव्हर ठेवले होते, त्यामुळे दिवसा त्याला सवड असायची. आणि काम त्याला खरोखर जमायचं. टँकरवाल्याला तो नावानं ओळखायचा, लिफ्टवाल्याच्या गावची जत्रा त्याला माहीत होती, कचऱ्याची गाडी आली नाही तर तो स्वतः मोटारसायकल काढून तिला शोधून आणायचा. उन्हाळ्यात शेजारच्या सोसायट्या कोरड्या पडायच्या, पण मंजिरीत पाणी असायचं. ते कुठून येतं हे कुणी विचारायचं नाही. नळ सोडला की पाणी येतं, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

अडचण झाली ती भाषेची. सुरुवातीला सोसायटीच्या ग्रुपवर तो मराठीत लिहायचा. पण बी विंगमध्ये चेन्नईचे, कोलकात्याचे, लखनौचे लोक राहायला आले आणि वार्षिक सभेत तिथल्याच कादंबरी नावाच्या बाईनं ठराव मांडला, की ग्रुपवर सगळं इंग्रजीत यावं म्हणजे कुणी वगळलं जाणार नाही. कादंबरी एका कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहायची. ठराव टाळ्यांनी पास झाला. मच्छिंद्रनंही टाळ्या वाजवल्या, कारण कुणी वगळलं जाऊ नये हे त्यालाही पटलं होतं.

आधी तो ऋतुजाकडून लिहून घ्यायचा. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

"अण्णा, मला सबमिशन आहे. तुम्ही फोनवर भाषांतर करून घ्या ना," ती म्हणाली.

त्यानं तेही करून पाहिलं. 'सकाळी पाणी सोडू' याचं फोननं 'आम्ही सकाळी पाण्याचा त्याग करू' अशा अर्थाचं इंग्रजी केलं आणि बी विंगमधल्या बायकांनी घाबरून बादल्या भरून ठेवल्या. तेव्हापासून तो स्वतःच शब्द जुळवून लिहू लागला. टाकी भरणार होती त्या दिवशी त्यानं लिहिलं, 'टँकर विल फुल अप द टँक.'

कादंबरीनं सगळ्यांसमोर उत्तर टाकलं: 'यू मीन फिल अप. फुल इज ॲन ॲडजेक्टिव्ह.' पुढे एक हसरा चेहरा.

मच्छिंद्रला राग आला नाही. कुणीतरी चूक दाखवली याचं त्याला बरंच वाटलं. त्याच संध्याकाळी तो बी विंगला त्यांच्या दारात गेला. "मॅडम, आठवड्यातनं एकदा जरा शिकवाल का? मी काय दहावी. पण नोटीस नीट गेली पाहिजे."

कादंबरी कामात होती. तिचा नवरा गंधार सोफ्यावरून उठून आला. तो मूळचा नारायण पेठेतला, आता आयटीत मोठ्या हुद्द्यावर होता. आवाज गोड, शब्द मोजके.

"मी शिकवतो की, मच्छिंद्रभाऊ. बसा. आमच्या घराण्यात चार पिढ्या मास्तरकीच चाललीये."

त्या दिवशी गंधारनं त्याला चहा पाजला आणि एक नियम सांगितला. 'फिल' म्हणजे भरणं, ते क्रियापद. 'फुल' म्हणजे भरलेलं, ते विशेषण. बोलताना क्रियापद वापरायचं, लिहिताना विशेषण.

"पण मॅडम तर म्हणाल्या..."

"ती जाहिराती लिहिते हो. ती बोलीभाषा. आपल्याकडे नाही का, बोलताना 'केलं' आणि लिहिताना 'केले'? बोलताना 'पाहिजेल', लिहिताना 'हवे'? इंग्रजांचंही तसंच. सरकारी नोटीस बघा, सगळी विशेषणंच विशेषणं."

केलं आणि केले. हे मच्छिंद्रला एकदम पटलं. शाळेत याच गोष्टीवरून त्यानं छड्या खाल्ल्या होत्या. इतका सोपा नियम आजवर कुणी आपल्याला सांगितला नाही, याचं त्याला नवल वाटलं. स्वयंपाकघराच्या दारात कादंबरी ओठ मिटून उभी होती. ती हसू दाबते आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं, नवऱ्यानं आपली चूक काढली म्हणून बाई ओशाळली.

मग दर रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये शिकवणी सुरू झाली. गंधार टेबल टेनिस खेळून यायचा, घाम पुसत बसायचा आणि दोन-चार शब्द द्यायचा.

"सोलरचं पाणी तापणार. हीट अप. तर लिहिताना?"

मच्छिंद्र डोळे मिटून म्हणायचा, "हीटचं विशेषण हॉट. हॉट अप."

"शाब्बास. लवकर उठा, वेक अप. लिहिताना वीक अप."

"वीक म्हणजे आठवडा ना, साहेब?"

"त्याचं स्पेलिंग वेगळं. हे ए वालं."

"त्याचा अर्थ तर अशक्त असा सांगितलेला आम्हाला."

"उठल्या उठल्या माणूस अशक्तच असतो की नाही?"

मच्छिंद्र विचार करून म्हणाला, "व्हय, ते बी खरंच."

गंधारच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नसे. पेठेत वाढलेल्या माणसाला ते जमतं. शेजारी बसलेला त्याचा मित्र आमोद मात्र पाणी प्यायला म्हणून उठायचा आणि भिंतीआड जाऊन खांदे हलवत उभा राहायचा.

मच्छिंद्र मन लावून शिकला. म्हातारीच्या उशाशी बसून पाठ करायचा. तुळजाबाई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. "काय रं पुटपुटतूस? मंतर हाय का?" ती विचारायची. तो म्हणायचा, "इंग्रजी हाय, आये." ती म्हणायची, "मोठ्यानं म्हन की मंग, मला बी यील." आणि तो मोठ्यानं म्हणायचा: हीट अप, हॉट अप. फिल अप, फुल अप. म्हातारी दात नसलेल्या तोंडानं 'फुल्लप, फुल्लप' करत हसायची.

ग्रुपवर त्याच्या नोटिसा जात राहिल्या. 'ऑल मेंबर प्लीज वीक अप अर्ली.' गच्चीवरच्या पार्ट्यांचा त्रास झाला तेव्हा गंधारनं 'डाय डाउन' म्हणजे आवाज कमी होत जाणं असं शिकवलं, आणि मच्छिंद्रनं लिहिलं, 'आफ्टर टेन नॉइज मस्ट डेड डाउन.' कादंबरी आता काही दुरुस्त करत नव्हती. अंगठे यायचे, टाळ्या यायच्या. कोलकात्याच्या एका गृहस्थानं तर 'एक्सलंट इंग्लिश, सर' असं लिहिलं. मच्छिंद्रनं ते चंद्रभागेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा बाई, म्हाताऱ्याला आता पंख फुटले." पण तिलाही कौतुक होतं. ऋतुजा शेजारच्या खोलीत होती. तिनं दार लोटून घेतलं.

दसरा झाल्यावर तुळजाबाई गेली. सकाळी क्षीण आवाजात चहा मागितला, चंद्रभागेनं बशी तोंडाला लावली, आणि चहा ओठांच्या कडेनं परत आला. डॉक्टर येऊन बघून गेले. घरात रडारड सुरू झाली. ऋतुजा आजीच्या पायांना मिठी मारून बसली होती. मच्छिंद्र रडला नाही. भावांना, मामांना फोन करायचे होते, शववाहिनी सांगायची होती. गाडी फाटकात लागणार, लिफ्ट अडकून राहणार, लोकांच्या ऑफिसची वेळ. ग्रुपवर कळवायला हवं होतं.

तो बाथरूममध्ये गेला, कडी लावली आणि बादलीच्या कडेवर बसून लिहू लागला. 'पास्ड अवे' हे त्यानं ग्रुपवर कुणाकुणाच्या बाबतीत वाचलं होतं. पण ते लोक बोलीभाषेत लिहितात, हे आता त्याला ठाऊक होतं. आणि 'पास' म्हटलं की त्याला परीक्षा आठवायची. आईसाठी हलका शब्द नको होता. हे नियमात बसवलं पाहिजे. मरणं, डाय. त्याचं विशेषण डेड. तो शब्द तर आपला घोटलेला. त्यानं अक्षर अक्षर तपासून लिहिलं, 'माय मदर तुळजाबाई हॅज डेड अवे धिस मॉर्निंग. लिफ्ट विल बी बिझी. सॉरी फॉर ट्रबल.' दोनदा वाचलं. आईचं नाव मोठ्या अक्षरात केलं. मग पाठवलं आणि तोंडावर पाणी मारून बाहेर आला.

स्मशानात सरण रचून झालं होतं. एक भाचा रस्ता चुकला होता, त्याला पत्ता पाठवायला मच्छिंद्रनं खिशातून फोन काढला. सोसायटीच्या ग्रुपवर ओळीनं 'ओम शांती' आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलेलं होतं. त्यांच्या मधोमध एक चित्र होतं. डोक्याला फेटा बांधून आरतीचं ताट धरलेला तो स्वतः, आणि खाली ठळक अक्षरात 'डेड अवे'. बाजूला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा. त्याखाली गंधारनं मराठीत लिहिलेलं: 'विद्यार्थी बोर्डात पहिला आला. मास्तर आता निवृत्त व्हायला मोकळे.'

तो बघत असतानाच चित्र गेलं आणि तिथे 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी ओळ आली. मग तीही ओळ नव्या श्रद्धांजल्यांमुळे सरकत वर गेली.

"दादा, अग्नी द्यायचाय," कुणीतरी हाक मारली.

त्यानं अग्नी दिला. त्याच्या डोक्यात आई नव्हतीच. तो वाक्य तपासत होता. हॅज डेड अवे. कुठे चुकलं? नियम तर पाळला. सगळ्या आयुष्यात एकदा येणारी ती वेळ, आणि तो जळत्या सरणासमोर इंग्रजीचं व्याकरण घोकत उभा होता. पुढे हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त डाचली. हसले त्याचं एवढं नाही. त्यांनी त्याच्याकडून आईला निरोप देण्याची ती घटका काढून घेतली.

दुपारी आंघोळी झाल्या, भावकी पांगली. ऋतुजा गॅलरीत गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"डेड अवे बराबर न्हाय का?"

तिनं मान वर केली. तिचा चेहरा बघूनच त्याला उत्तर मिळालं. पण त्याला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नाही, अण्णा."

"मंग हॉट अप?"

"नाही."

"वीक अप?"

"अण्णा, नका ना आत्ता."

"बोल. लिहायचं येगळं आन् बोलायचं येगळं, ह्यो नियम?"

"असा काही नियम नाहीये. ते तुमची मजा करत होते."

गॅलरीतून खाली पार्किंग दिसत होतं. गंधारची गाडी जागेवर होती. म्हणजे तो घरीच होता.

"तुला कवापास्नं ठाऊक?"

तिनं पुन्हा गुडघ्यांत डोकं घातलं. मच्छिंद्रला आता ते चित्र नीट आठवू लागलं होतं. फेट्याचा तो फोटो सोसायटीच्या गणपतीतला नव्हता. मागे दिसणारी भिंत त्याच्या घरातली होती. घरच्या गौरी-गणपतीची आरती, आणि फोटो काढणारी ऋतुजा. म्हातारीनंच हट्टानं फेटा बांधायला लावला होता.

"फोटू त्यांच्याकडं कसा गेला, ऋतू?"

ऋतुजा रडू लागली. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. सोसायटीतल्या तरुण मंडळींचा एक वेगळा ग्रुप होता. गंधार, आमोद, त्यांच्या बायका, कॉलेजातली मुलं. त्यावर त्याच्या प्रत्येक नोटिशीचं चित्र व्हायचं. आजचं तेवढं चुकून सोसायटीच्या ग्रुपवर गेलं. ऋतुजाला तिथे घेतलं तेव्हा ती पहिल्या दिवशी घरी येऊन रडली होती. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, चिडले तर गावठी म्हणतील. मग ती हसली. एकदा कुणीतरी म्हणालं, सेक्रेटरींचा एखादा भारी फोटो पाहिजे राव. आणि तिनं दिला.

"तेव्हा एवढं काही वाटलं नाही, अण्णा. सगळेच हसायचे. मी नसता दिला तर मला काढलं असतं ग्रुपमधून."

"तू हसायचीस?"

तिनं तोंड फिरवलं.

"आयेचं वाचून हसलीस?"

"नाही! देवाशपथ नाही. आजीचं नाही."

"म्हंजी माझंच," मच्छिंद्र म्हणाला आणि उठून आत गेला.

दशक्रिया आळंदीला झाली. त्यानंतर एका संध्याकाळी गंधार आणि कादंबरी फळांचा बॉक्स घेऊन आले. मच्छिंद्रनं त्यांना बसायला सांगितलं. चंद्रभागेनं चहा ठेवला. तिला सगळं कळलं होतं आणि तिनं साखर घातली नाही.

"भाऊ, थोडं जास्तच झालं," गंधार म्हणाला. "पण तुम्ही स्पोर्टिंगली घ्याल याची खात्री होती. आमच्या पेठेत तर माणूस तिरडीवर असतानाही कुणी तरी त्याचं व्याकरण काढतंच. त्यात वाईट हेतू नसतो."

"हेतू चांगलाच असणार," मच्छिंद्र म्हणाला. "शिकलेली माणसं तुम्ही."

कादंबरीनं मान खाली घातली. गंधारनं बिनसाखरेचा चहा एक घोट घेऊन ठेवून दिला.

"राजीनामा वगैरे देऊ नका हं," तो म्हणाला. "म्हणजे, तुम्हाला दगदग होत असेल तर गोष्ट वेगळी. आईंच्या जाण्यानं माणूस खचतो. मी सांभाळीन तात्पुरतं."

मच्छिंद्रनं राजीनामा दिला. ठरवून आला होता की काय गंधार, हे त्याला कधी कळलं नाही. पुढच्या सभेत एकानंही त्याला राहायचा आग्रह केला नाही. शाल आणि श्रीफळ दिलं. कादंबरीनं इंग्रजीत भाषण केलं. सगळे दोनदा हसले आणि एकदा हळहळले. मच्छिंद्रही त्यांच्याबरोबर हसला, कारण कुठे हसायचं ते शेजाऱ्याकडे बघून कळत होतं. मग गंधार सेक्रेटरी झाला आणि ग्रुपवर शुद्ध इंग्रजी येऊ लागलं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी आठवड्यातून एकदा येऊ लागलं, त्याचीही नोटीस अतिशय शुद्ध होती. टँकरवाला अजून मच्छिंद्रलाच फोन करायचा. मच्छिंद्र म्हणायचा, "राँग नंबर." आणि फोन ठेवल्यावर वर गच्चीवर जाऊन कोरडी टाकी बघून यायचा. त्याच्याही घरी पाणी नसायचं. पण ते त्याला चालत होतं.

हे सगळं बाहेरचं झालं. खरी गोष्ट घरात झाली.

दशक्रियेनंतर दोन-तीन दिवसांनी ऋतुजा जेवायला बसली, तेव्हा मच्छिंद्र भाकरीची चवड तिच्याकडे सरकवत म्हणाला, "घ्या. तुम्हाला अजून लागेल का?"

तिला वाटलं, आपल्याला आणि आईला मिळून विचारलं. तिनं आईकडे बघितलं.

"तुम्हालाच विचारतोय," तो म्हणाला. "भाजी वाढू का तुम्हाला?"

जन्मल्यापासून त्यानं तिला 'तू' म्हटलं होतं. 'अगं', 'ए ऋतू', लाडात आला तर 'ए भवाने'. आता त्या दिवसापासून 'तुम्ही' सुरू झालं. रागानं नव्हे. आवाज चढवून नव्हे. बँकेत साहेबाशी बोलावं तितक्या अदबीनं. "तुम्ही आंघोळ करून घ्या, पाणी जाईल." "तुमचा फोन वाजतोय." तिच्याशी बोलताना त्याचं 'हाय-न्हाय' गेलं, 'आहे-नाही' आलं. पेठेतल्या माणसासारखी स्वच्छ, पुस्तकी मराठी. ती त्यानं कुणाकडून शिकून घेतली नव्हती. शाळेत छड्या खाऊन आलेली होती, एवढी वर्षं वापरली नव्हती.

पहिल्या आठवड्यात ती चिडली. दुसऱ्यात तिनं पाय धरले. "अण्णा, मारा मला. शिव्या घाला. पण हे नका करू. मला तू म्हणा."

"आपण शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "आपला मान ठेवायला नको का?"

तिचा चेहरा आक्रसला. मच्छिंद्रनं ते पाहिलं, आणि त्याला आतून गार वाटलं. कुणाच्या तरी वर्मावर बोट ठेवलं की कसं वाटतं, ते त्याला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. गंधारला दर रविवारी असंच वाटत असणार. त्यानं बोट काढलं नाही.

चंद्रभागा भांडली. "पोरीनं चूक केली, मान्य. पन तुमी लेक परकी केलीत की हो. एक थोबाडीत द्या आन् मोकळे व्हा."

"म्या काय वाईट बोललो का तिला?" तो बायकोला म्हणायचा. तिच्याशी तो पूर्वीसारखाच बोलत होता. "आवाज चढवला का? मानानंच बोलतूय."

आणि खरंच, शेजारीपाजारी कुणी ऐकलं असतं तर म्हणाले असते, काय संस्कारी घर आहे, बाप मुलीला अहो-जाहो करतो.

ऋतुजाला हैदराबादला नोकरी लागली. पुण्यातही मिळत होती, तिनं ती घेतली नाही. निघायच्या दिवशी तिनं देवाला, आजीच्या फोटोला, आईला नमस्कार केला. मग मच्छिंद्रसमोर वाकली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवला तेव्हा तो क्षणभर जड झाला, आणि तिला वाटलं, आता 'तू' म्हणतील. ती वाकलेलीच राहिली. चंद्रभागेनं पदर तोंडाला लावला.

मच्छिंद्रच्या जिभेवर 'जा गं' आलं होतं. त्यानं ते गिळलं. दोन बॅगा उचलून लिफ्टच्या दारापर्यंत नेल्या, बटण दाबलं आणि वर सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत उभा राहिला. ऋतुजा त्याच्या मागे येऊन थांबली. दार उघडलं.

"लिफ्ट आली बघा तुमची," तो म्हणाला आणि बॅगा आत ठेवून बाजूला झाला.